एलिझाबाईंचा राग

एलिझाबाई सिस्टर रागावल्या की दवाखान्याच्या ओट्यावर बसलेल्या बाया उठून उभ्या राहायच्या. नाळ कापायला विळा वापरला म्हणून एका सुईणीला त्यांनी असं झापलं की ती म्हातारी रडायला लागली. आणि लगेच वळून साध्या आवाजात मला म्हणाल्या, "शेवंता, चहात आलं टाकलंस का गं?" कपाळावर एक आठी नव्हती. त्या दिवशी माझा त्यांच्यावरचा भरवसा उडाला.

ही सत्तर सालानंतरची गोष्ट. आमचं गाव वसमत तालुक्यात, कुरुंद्याच्या पुढे. बाई अलिबागकडच्या, यहुदी. मी त्यांच्या शेजारी राहायचे, पाणी भरून द्यायचे. शुक्रवारी दिवस मावळायच्या आत त्या दिवा लावायच्या आणि शनिवारी चूल पेटवायच्या नाहीत. गावाला तेवढं पुरलं. कुणी म्हणे करणी करते, कुणी म्हणे बायांची पोरं बंद करायची ऑपरेशनं करायला सरकारनं धाडली. मला त्यातलं काही वाटत नव्हतं. मला वाटायचं, जिला खोटा राग इतका हुबेहूब आणता येतो, तिची माया तरी कशावरून खरी?

मी तोंडावरच विचारलं. "बाई, तुमी राग खोटाच आणता न्हाई का?"

"खोटाच," त्या म्हणाल्या. "लहानपणी खरा यायचा. भावाच्या डोक्यात लाटणं घातलं होतं मी. तेव्हा बाबांनी सांगितलं, आमच्यात जुन्या काळी एक मोठा हकीम होऊन गेला. स्वभावाचीही दवा सांगायचा. बाकी सगळं बेतानं असावं, पण राग बेतानंसुद्धा नको, असं त्याचं म्हणणं. माणसं सुधारायला लागलाच तर चेहऱ्यावर आणायचा, आत येऊ द्यायचा नाही."

"मंग आत काय ऱ्हातं?"

"ते रोज बघावं लागतं."

हे उत्तर मला अजिबात पटलं नाही.

पुढच्या वर्षी मी बाळंतपणात अडले. शुक्रवार होता. सकाळपासून कळा, दुपार उलटली. बाईंनी पोट तपासलं आणि बाहेर गेल्या. सासू दारात आडवी बसली होती.

"वसमतला न्हाई न्यायचं. तिथं ऑपरेशन करून टाकतेत, मंग लेकरू व्हत न्हाई. माझ्या लेकाचा वंश बुडवता काहून?"

"सून मेली तर पोलिसात पहिलं नाव तुमचं देईन!" बाई ओरडल्या. "गाडी जुंपा आधी!"

माझा नवरा बैलांकडे धावला. बाई आत आल्या, तर चेहरा थंडगार. "घाबरू नको शेवंता. सगळं ठीक होईल."

मी त्यांचं मनगट धरलं. "बाई, हे बी रागासारखंच आणलेलं का?"

मग माझा हात उचलून त्यांनी आपल्या छातीवर ठेवला. आत धडधड चालली होती.

"आणलेलंच," त्या म्हणाल्या. "लेकरू आडवं आहे. मी फार घाबरलेय. इथं ठेवलं तर दोघंही जाल. तिथं डॉक्टर आहेत, काहीतरी आशा आहे. तुझ्या मर्जीबाहेर कुणाला काही करू देणार नाही. एवढं खरं."

मी गाडीत चढले. वसमतला पोचेपर्यंत दिवस मावळला होता. पोट फाडून पोरगी काढली, जगली. बाकी काही केलं नाही. बाई रात्रभर दाराशी बसून होत्या. त्यांचा दिवा त्या शुक्रवारी लागला नाही. सासू म्हणाली, "ह्या बाईला यात काय मिळालं असंल?"

पुढे काही वर्षांनी भावानं बाईंना इस्रायलला बोलावून घेतलं. वसमतच्या स्टँडवर मी पोहोचवायला गेले. गाडी लागली होती. रडारड मला जमत नाही, म्हणून पुन्हा तेच विचारलं. "बाई, माझ्यावर माया होती, का आणलेली?"

"पहिलं वर्षभर आणलेलीच," त्या म्हणाल्या. "तू फार खडूस होतीस गं. रोज नेमानं करावी लागली. खरी कधी झाली, ते माझ्याही ध्यानात आलं नाही."

एवढ्या वयात गोड बोलणारे पुष्कळ भेटले. आधी माया नव्हती असं सांगणारी ही एकटीच.

घरी आले तेव्हा सासू जेवायला बसली होती. मनात काही नसताना मी म्हटलं, "आत्याबाई, अजून चतकोर घ्या की." आत काहीसुद्धा हललं नाही.

सासूनं हात थांबवून माझ्याकडं बघितलं. "काहून गं? काय पायजे तुला?"

दुसऱ्या दिवशी पुन्हा म्हटलं.