माझी रोपं आणि आईचं ताक

मंडळी, आज पार दमलेय, तरी लिहिते.

कॅलिफोर्नियात, सनीव्हेलच्या आमच्या बॅकयार्डमध्ये मी गांजाची चार रोपं लावली होती. हसू नका. इथे ते कायदेशीर आहे, आणि माझ्या पाठदुखीवर बाकी सगळं करून झालंय. पहिलाच प्रयत्न होता. रोज ऑफिसला जायच्या आधी बोटाने माती चाचपून, लागलं तरच चमचाभर पाणी घालायचे.

नागपूरहून आलेल्या आईला मात्र "औषधी झाड आहे" एवढंच सांगितलं होतं.

आज घरी आले, तर चारही रोपं आडवी आणि कुंड्यांना आंबट वास.

"अगं, किती मरतुकडी होती ती! उरलेलं ताक घातलं. आपल्या कढीपत्त्याला घालते ना, तसं."

चिडायचंही त्राण नव्हतं. मी तिथेच पायरीवर बसले. आई शेजारी येऊन पाठ चोळायला लागली.

"तुझ्या पाठीसाठीच होतं का गं ते?"

मी मान हलवली.

"मग सांगायचं ना! बी आण, आता मीच लावते. नाव काय त्या झाडाचं?"

ती अजून पाठ चोळतेय. सांगा, काय नाव सांगू?