चौकशीची बासुंदी

मनूची शिष्यवृत्ती मी बुडवली. हे वाक्य पंचवीस वर्षांत मी कुणाहीजवळ बोललेलो नाही. उलट, ती कचेरीने बुडवली म्हणून घरात सर्वांत मोठ्याने मीच ओरडत आलो आहे.

मनू माझी धाकटी बहीण. वर्गात पहिली आलेली आणि मास्तरीणच व्हायचं म्हणून हटून बसलेली. सयाजीराव महाराजांच्या राज्यात मुलींना शिकायला मदत मिळे. फक्त घरची परिस्थिती बेताची आहे असा अर्ज हवा. आमची तर बेताच्याही खालची! (चार माणसांत एक छत्री वापरणारं नागरवाड्यात आमचंच घर.)

"गुजरातीत लिही सरळ," आप्पा म्हणाले.

"छे! इंग्रजी अर्ज साहेब उभा राहून वाचतो!"

मी तेव्हा मॅट्रिकला होतो आणि त्याच आठवड्यात विपुलतेचे इंग्रजी शब्द पाठ केले होते. 'इनफ' म्हणजे पोटापुरतं. 'अँपल' म्हणजे पोटभर होऊन वर उरणारं. 'प्लेंटी' म्हणजे शेजारी वाटण्याइतकं. 'अबंडंट' म्हणजे शेजाऱ्यांनाही नकोसं झालेलं! आणि 'सुपरफ्लुअस' म्हणजे इतकं, की त्याची अडचणच व्हावी. 'पुअर' मला येत होता हो. पण तो टांगेवाल्यालाही येत होता! (दारिद्र्याचे भारी शब्द पुढच्या धड्यात होते.) मग काय, अर्जात आमची जागा अँपल झाली, कपडे प्लेंटी, धान्य अबंडंट आणि आप्पांची मिळकत सुपरफ्लुअस!

"वाच बघू," आप्पा म्हणाले.

मी मराठीत वाचलं, "घरी अन्नवस्त्राची ददात आहे..." आईने डोळ्यांना पदर लावला. आप्पांनी सही ठोकली.

आठवड्याने कचेरीतून एक गुजराती मेहताजी चौकशीला आले. अजूनही निभावलं असतं! पण आल्या माणसाला फाटक्या चटईवर बसवील तर ती आमची आई कसली? शेजारच्या काकूंकडून गालिचा आला, चांदीचं ताट आलं, उसनं दूध आटवून बासुंदी झाली.

"अगं आई, ते आपली गरिबी बघायला आलेत!" मी चुलीपाशी कुजबुजलो.

"म्हणून उपाशी पाठवू? वाढ!"

वाढली. चार वाट्या! चौथी संपवून मेहताजींनी खिशातून अर्ज काढला, गालिच्याकडे पाहिलं, ताटाकडे पाहिलं आणि माझी पाठ थोपटली.

"भाई, आवी साची अरजी में जोई नथी! एकेएक शब्द बराबर छे!"

इतका खरा अर्ज त्यांनी कधी पाहिलाच नव्हता म्हणे! आप्पांना वाटलं, काम झालं. उत्तर आलं: घरची परिस्थिती उत्तम, सबब मदत नामंजूर.

"खाऊन उलटला मेला!" आई कडाडली.

"अन्याय! शुद्ध अन्याय!" मी दाराशी जाऊन सगळ्या नागरवाड्याला ऐकवलं. "गरिबाला कुणी वाली नाही!"

"राहू दे रे दादा," मनू म्हणाली. "किती भांडशील माझ्यासाठी?"

वर्षभरात तिचं लग्न झालं. ती पुन्हा शाळेची पायरी चढली नाही. दर भाऊबीजेला मुलांना सांगते, "हा तुमचा मामा माझ्यासाठी कचेरीशी भांडला!" आणि मला वाढते काय, तर बासुंदी! माझा माझ्यावरच असा संताप होतो, की दोन वाट्या संपल्याशिवाय तोंडातून शब्द फुटत नाही.

मनूचं शिक्षण मी तिला देणं लागतो. ते आता फिटायचं नाही. पण निदान हा कागद तिला वाचून दाखवणं लागतो. या खेपेला, लिहिलाय तस्साच.