रेल्वे नसलेल्या वेंगुर्ल्यातलं इंजिन

"भावजी, सोमवारी भंगारवालो येतलो. त्याच्याआधी येवन सांगा, तां इंजिन आसा की नाय," असा शालिनीवहिनींचा फोन आला. वहिनी म्हणजे माझ्या दिवंगत चुलतभावाची बायको. वेंगुर्ल्याजवळच्या त्यांच्या बंद काजूकारखान्यात एक आडवा बॉयलर आहे; त्याच्या वाफेवर काजूबिया शिजत. ते मूळचं रेल्वेचं इंजिन, असं वहिनींचे सासरे, म्हणजे माझे काका, शेवटपर्यंत सांगत आणि गाव शेवटपर्यंत हसत होतं. जिथे आजही रूळ नाहीत, तिथे इंजिन? हसणाऱ्यांत मीही होतो. आप्तवाक्य, म्हणजे विश्वासू माणसाचा शब्द, हे प्रमाण, असं न्यायशास्त्रात पाठ केलं खरं. पण आप्त नात्यातले निघाले की माझा विश्वास डळमळतो.

रविवारी पहाटे कोल्हापूर सोडलं. गगनबावड्याचा घाट उतरून तळेरे. (घाट दुरुस्तीसाठी बंद असतो अधूनमधून, चौकशी करून निघा.) समोरचा देवगडचा रस्ता आंब्याचं आमिष दाखवतो, न भुलता डावीकडे महामार्ग धरा आणि कुडाळहून वेंगुर्ल्याकडे वळा. कुडाळला बांगड्याची थाळी अडीचशेला. "बांगडा ताजा आहे ना?" मी विचारलं. मालकीणबाई म्हणाल्या, "तुमच्यापेक्षा." सोलकढी मात्र निःसंशय.

कारखान्यात पोचलो तर सोमवारचा भंगारवाला रविवारीच हजर, सोबत हायड्रा क्रेन. एवढी घाई का, म्हणून मी त्याच्याकडे पाहिलं, त्याने माझ्याकडे. "तुम्हीपण माल घेणारे? कुठल्या पार्टीचे?"

बॉयलर निरखला. मागे जळणाची पेटी, पुढे धुराची, वर धुराड्याचं बूड. चाकं नाहीत, नंबर नाही. असले बॉयलर गिरण्यांनाही लागत, असं मी बोलून गेलो. वहिनींचा चेहरा उतरला.

"म्हणजे मामंजी खोटां बोलत?"

शेजारचा बाबल्या कुंपणाच्या दगडी गडग्यावर बसून मजा बघत होता. "वयनी, आधी स्टेशन खंय आसा तां इचारा!"

तेवढ्यात क्रेन मागे सरकली आणि वहिनी ओरडल्या, "बाजूक घे रे, खोगिराक लागात!"

खोगीर म्हणजे म्हशीची पाणी प्यायची डोण: जाड पत्र्याची, मधोमध अर्धगोल खोलगट. डोण हा शब्द द्रोणावरून आला, ते ठीक. पण म्हशीच्या डोणीला खोगीर का?

"मामंजी तसांच म्हणत. घोडो कधी नव्हतो आमच्याकडे."

मी डोणीवर टिचकी मारली. पोकळ आवाज. साध्या डोणीला एक पत्रा पुरतो. ही चहूबाजूंनी बंद पेटी होती. आणि मग मला आठवलं. सुरुवातीच्या काही छोट्या इंजिनांमागे पाण्याचा वेगळा डबा नसे. टाकी बॉयलरच्याच पाठीवर घातलेली असे. तिला सॅडल टँक म्हणतात. सॅडल म्हणजे खोगीर!

"ही पालथी करून बॉयलरवर ठेवा," मी म्हणालो.

"क्रेनचं भाडं चालू आहे," भंगारवाला.

"ठेव रे," वहिनी.

म्हशीला लांब बांधलं, पाणी ओतलं, टाकी उलटली. इतकी वर्षं खाली दडलेलं पाणी भरायचं झाकण वर आलं. साखळ्या करकरल्या आणि टाकी बॉयलरवर टेकली. चपखल. दोन्हींच्या बोल्टची भोकंसुद्धा समोरासमोर.

बाबल्या गडग्यावरून उतरला. "आयला, म्हाताऱ्यान खरां सांगलेलां!"

वहिनींनी गंजक्या पत्र्यावर क्षणभर हात ठेवला. मग भंगारवाल्याला म्हणाल्या, "बॉयलर घेवन जा आता. टाकी ठेव, म्हशीक होयी."

"वहिनी! हे जपायला हवं, कुणाला तरी कळवायला हवं!"

"माका इंजिन नको होतां, भावजी. मामंजींचो शब्द होयो होतो."

घरी येऊन आठवडा झाला. ते इंजिन कोणत्या जातीचं, कोकणात कसं उतरलं, काही कळलेलं नाही. रेल्वेवेड्या मित्राला फोटो दाखवला. त्यात गंजक्या पिंपावर ठेवलेली गंजकी टाकी दिसते. "वेंगुर्ल्यात?" असं म्हणून तो सभ्यपणे हसला. बॉयलर एव्हाना भट्टीत गेला असेल. आता इथे सांगणारा मी एकटा, आणि माझा शब्द खरा मानणारी सूनसुद्धा मला नाही.