कुमुदबाईंचं दाभण

कुमुदबाई गेल्याचा फोन आला तेव्हा नळाला आठवड्यानं पाणी आलं होतं. हातातला पाइप मी सोडला नाही. बाई असत्या तर म्हणाल्या असत्या, "रडशील नंतर, आधी टाकी भर."

बाई माझ्या पीएच.डी.च्या मार्गदर्शक. प्रकरण पुरं झालं की दाभणानं स्वतः शिवायच्या. तोवर कागद वरवंट्याखाली सुटे. "प्रबंध म्हणजे मुळात घट्ट बांधणं," पहिल्याच दिवशी त्यांनी ऐकवलं. "संस्कृतातला बंध्. शेताचा बांध, बंधारा, सगळे त्याचेच. 'प्र' लागला की पक्कं. पुढं रचनेला ते नाव मिळालं, मग तुमच्या जाडजूड बाडाला. गळेल तो कसला प्रबंध?"

दुष्काळाचं वर्ष होतं. माझा विषय फुलंब्रीकडचं पाणी आणि शहराच्या नव्या वसाहती. मुदत संपत आलेली, प्रबंध गेला नाही तर नोकरी जाणार. शेवटच्या प्रकरणात लिहिलं होतं, गावकऱ्यांच्या मते विहिरींचं पाणी वसाहतींना जातं.

"कोणते गावकरी?"

"सगळेच म्हणतात, बाई."

"एकाला तरी भेटलीस?"

माझा तोल गेला. "माझी नोकरी जाईल! शिवा ना तेवढं!"

"नाही," म्हणाल्या आणि दाभण खाली ठेवलं. मला त्यांचा मनस्वी राग आला.

सकाळी फुलंब्रीला जायला निघाले, पाहते तर बाईच स्टँडवर उभ्या, पर्समध्ये बीपीच्या गोळ्या. गावात टँकरपाशी एकजण म्हणाली, "व्हय, वसाहतीलाच जातंय." दुसरी उसळली, "नाय गं! तुझ्या दिराच्या मोसंबीला जातंय, ते सांग की!" घागरी आपटल्या, दोघी हमरीतुमरीवर आल्या... परतताना बाई एवढंच म्हणाल्या, "आता दोन्ही लिही." प्रकरण मी पुन्हा लिहिलं. मुदतीच्या शेवटच्या दिवशी बाईंनी ते शिवलं.

गेल्या महिन्यात त्यांच्या लेकीनं, मीरानं, बाईंचं अपुरं पुस्तक पुढं केलं. शब्दांच्या मुळांवरचं. "शोकसभेत ठेवायचंय. तूच शिव, ताई."

मी बाईंच्या दाभणात दोरा ओवला. शेवटचं वाक्य होतं, 'हा शब्द वैजापूरकडे अजून बोलतात म्हणे.' शेजारी पेन्सिलीनं, बाईंच्याच अक्षरात: 'कोण?'

"नाही शिवणार," मी म्हणाले.

"आईसाठी एवढंही नाही करवत?" मीराचा आवाज चिरकला. मला नुसतं रडू आलं.

शोकसभेत फोटोपुढं सुटे कागदच होते, वर वरवंटा. मीरा अजून माझ्याशी बोलत नाही. दाभण माझ्या पर्समध्ये आहे, दोरा ओवलेला. उद्या सकाळी वैजापूरची एसटी धरायची आहे.