वाहिनीच्या शेवटच्या दिवशी आमची वाडी

परवा रंगारी खिडकीतली केबलची जुनी काळी वायर धरून "काढू का?" म्हणाला आणि मला आमच्या गिरीज गावची केबल वाहिनी आठवली. गावातल्या केबलवाल्याने ती हौसेने सुरू केली होती. देवळातला उत्सव, चर्चचा सण, वाढदिवसाचे फोटो आणि केळीचे भाव एवढंच तिच्यावर असायचं, तरी ती घरोघरी लागायची. पुढे सेट-टॉप बॉक्स सक्तीचे झाले आणि दोन वर्षांतच ती बंद करायची वेळ आली. शेवटच्या दिवशी तो केबलवाला आमच्याकडे आला. वडील तेव्हा अंथरुणाला खिळलेले, आमची केळीची वाडी बघून त्यांना वर्ष झालं होतं. "काका, जाता जाता काय दाखवू?" "माझी वाडी दाखव," वडील म्हणाले. " गाव कंटाळलं तर कंटाळू दे." "गावाला काय, उद्यापासून शेकडो चॅनेल आहेत," तो हसून म्हणाला. त्याची प्रक्षेपणाची खोली वाडीला लागूनच होती, त्यामुळे कॅमेरा थेट जोडता आला. संध्याकाळी टीव्हीवर विहीर, पाट, केळीच्या रांगा दिसू लागल्या. वडील उशीला टेकून पाहत होते. मला वाटलं, आता रडतील. तेवढ्यात ते म्हणाले, "बघत काय बसलास? विहिरीजवळच्या केळीला टेकू दे, घड वाकलाय." मी धावत जाऊन बांबू लावला, दोरी बांधली. परतलो तेव्हा वाहिनी बंद होऊन पडदा निळा झाला होता. वडील अजून तिकडेच बघत होते. "दिसलं सगळं," ते म्हणाले, "दोरी सैल बांधलीस." रंगाऱ्याला मी सांगितलं, वायर राहू दे, कडेकडेने रंग लाव.