काढून टाकलेली टकटक

सुमनताईंनी हेडफोन काढून टेबलावर ठेवले. "माझ्या कॅसेटी परत द्या, मॅडम. मी घेऊन जाते."

दुसऱ्या दिवशी उद्घाटन होतं. अंधेरीतल्या आमच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात मी ध्वनिसंग्रह सांभाळते. माझ्या कपाटांत पुस्तकं नाहीत, आवाज आहेत: भाषणं, मुलाखती, वस्त्यांमधली गाणी. नव्या विभागाची सुरुवात सुमनताईंच्या यजमानांच्या गाण्यांनी व्हायची होती. भांडुपच्या कारखान्यात नोकरी करून ते चौदा एप्रिलच्या जयंतीसाठी गाणी लिहायचे आणि घरी, स्वयंपाकघरात बसून टेप करायचे. ते गेल्यावर ताईंनी सगळ्या कॅसेटी आम्हाला दिल्या. अशा देणगीत एक अट असते. लोकांसमोर वाजवण्याआधी देणाऱ्याने ऐकून होकार द्यायचा. नाही म्हटलं, तर विषय संपला.

"आवाज त्यांचाच आहे ना, ताई?"

"त्यांचाच. पण असे ते कधी गायलेच नाहीत."

मी नीलेशला बोलावलं. कॅसेटवरचं कॉम्प्युटरवर उतरवायचं काम त्याचं, आणि तो ते झकास करतो. कधी कधी जरा जास्तच.

"काय केलंस रे?"

"क्लीन केलं ना, मॅडम. कुकरच्या शिट्ट्या होत्या, नळ होता. आणि एक टकटक सतत येत होती, डोकंच फिरलं माझं. सगळं काढलं."

"ती टकटक मी होते," ताई म्हणाल्या.

मग ताईंनीच सांगितलं. ढोलकीवाला फक्त जयंतीला यायचा. एरवी पोळपाटावर लाटणं वाजवत ठेका त्याच धरायच्या. त्याशिवाय यजमानांचं गाणं पुढेच सरकायचं नाही.

तेवढ्यात आमचे डायरेक्टर सर आले. "काय प्रॉब्लेम आहे? उद्या कुलगुरू येतायत."

"सर, आपण एका कलाकाराला पुसून टाकलंय."

"मग परत आणा की."

नशिबाने आमच्या कामात एक नियम आहे. कॅसेटवरून पहिली कॉपी जशी उतरेल तशी ठेवायची, तिला हात लावायचा नाही. तिला मास्टर म्हणतात. मी मास्टर लावली. शिट्टी झाली, नळ वाहिला आणि लाटणं सुरू झालं. ताईंची बोटं टेबलावर चालायला लागली. गाण्याच्या मध्येच टेपमधून त्यांचा तरुण आवाज आला, "ओ, थांबा जरा, चपाती करपतेय." गाणं थांबलं. चपाती उलटली असावी, कारण थोड्या वेळाने ते तिथूनच पुढे सुरू झालं.

ताई हसतही होत्या आणि पदराने डोळेही पुसत होत्या.

"हेच लावा," त्या म्हणाल्या. "आता ऐकू दे लोकांना."

उद्घाटनाला तेच लावलं. चपातीच्या जागी अख्खा हॉल हसला, सर सगळ्यात मोठ्याने. संग्रहाच्या नोंदीत गायक म्हणून यजमानांचं नाव होतंच. त्याखाली आता आणखी एक नाव आहे: ठेका, सुमनताई. नीलेश हल्ली काहीही काढण्याआधी देणाऱ्याच्या घरी फोन करतो. मी एवढंच शिकले, की गोंगाट कशाला म्हणायचं ते गाणाऱ्याच्या बायकोला विचारल्याशिवाय ठरवू नये.