सांत्वनबाईंचा चष्मा

चर्चच्या मंडळीत कुणी देवाघरी गेलं, की पहिला निरोप शवपेटी करणाऱ्या सुताराला जायचा आणि दुसरा सांत्वनबाईंना. सुताराला यायला कधीमधी उशीर व्हायचा, बाईंना कधीच झाला नाही. घरच्यांना धड हंबरडा फोडायची सवड मिळायच्या आत बाई दारात हजर असत. अंगावर इस्त्रीचे कपडे, काखेत पवित्र शास्त्र, पायांत न वाजणाऱ्या चपला, आणि मागे महिला मंडळाच्या तीन-चार जणी.

बाई म्हणजे शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. निवृत्त झाल्या त्या शाळेतून, बाईपणातून नव्हे. आधी पोरांना गप्प बसवायच्या, आता शोक करणाऱ्यांना गप्प बसवू लागल्या. पद्धत तीच ठेवली. आवाज चढवायचा नाही, नुसतं बघायचं. त्या नजरेपुढे भल्याभल्यांचे हुंदके घशातल्या घशात विरले होते.

"रडायचं नाही," बाई म्हणायच्या. "ते प्रभूजवळ आहेत. जो प्रभूजवळ आहे त्याच्यासाठी रडायचं, म्हणजे प्रभूच्या घरी काहीतरी कमी आहे असं म्हणायचं. आहे का काही कमी?"

आता या प्रश्नाला 'हो' म्हणायची कुणाची छाती? सासूपासून सुनेपर्यंत सगळे माना हलवत. मग चहा होई. लोक मागाहून म्हणायचे, बाई आल्या की फार आधार वाटतो. खरं म्हणजे बाई गेल्या की वाटायचा.

पाळकसाहेबांना, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंना, हे सगळं पटत नव्हतं. पण ते बाईंचेच विद्यार्थी. पाढा चुकला म्हणून जो बाकावर उभा राहिला, तो पुढे व्यासपीठावर उभा राहिला तरी त्याच्या गुडघ्यांना बाकाची आठवण असतेच. दर रविवारी बाई पहिल्या रांगेत बसत आणि पाळकसाहेब दर रविवारी थोडं भराभरा बोलत.

बाईंनी या कामात एक खास भर घातली होती. तिचं नाव आवराआवर. सगळे कबरस्थानात गेले, की मंडळाच्या दोघी घरी मागे थांबायच्या आणि गेलेल्या माणसाच्या रोजच्या वस्तू एका पेटीत भरायच्या. चपला, काठी, कवळी, औषधाच्या बाटल्या, खुंटीवरचा सदरा, सगळं. पेटी चर्चच्या मागच्या कोठीत जायची. घरचे परत येतात तर घर लख्ख! नजरेला काही पडायला नको आणि डोळ्यांतून काही पडायला नको. पुढे या वस्तू गरजूंना वाटायच्या, असा मंडळाचा ठराव होता. दुसऱ्याची कवळी कुठल्या गरजूला बसते, हे मात्र ठराव करताना कुणी विचारलं नाही.

कोठीची किल्ली बेकरीवाल्या काकूंकडे असे. काकूंचा नवरा गेला तेव्हा काकू इतक्या रडल्या, की महिनाभर पाव खारट लागत होता म्हणे. बाईंनी समजावलं, दटावलं, आणि काहीच चालेना तेव्हा किल्ली हातात ठेवली. "कामात राहा, म्हणजे रडू यायचं नाही." बाई स्वतः कोठीकडे फिरकत नसत, धुळीनं त्यांना शिंका यायच्या. पुढेही काकूंचे डोळे लाल दिसायचेच. पण काकू म्हणायच्या, "धूळ हो बाई, कोठीतली धूळ," आणि बाईंना ते पटायचं.

बाईंचे यजमान सायकलवाले. कोपऱ्यावर त्यांचं सायकलदुरुस्तीचं दुकान. मुख्याध्यापिकेनं सायकलवाल्याशी लग्न केलं तेव्हा सगळ्यांनी तोंडात बोटं घातली होती. पुढे संसार चांगला झाला तेव्हा ती हळूच काढून घेतली. मूलबाळ झालं नाही. पण भांडायला दोघांत एक चष्मा होता. उतारवयात दोघांचाही वाचायचा नंबर एकच निघाला, आणि बाई पडल्या काटकसरी. एका घरात दोन चष्मे कशाला? सकाळी पेपर त्यांचा, संध्याकाळची प्रार्थना बाईंची, आणि चष्मा या हातातून त्या हातात.

सायकलवाले चष्मा द्यायचे ते डाव्या काचेवर अंगठ्याचा ठसा उमटवूनच. हात कितीही घासले तरी वंगण रेघारेघांत उरायचंच.

"अहो, तुम्ही चष्मा डोळ्यांना लावता की अंगठ्याला?" बाई रोज पदरानं काच पुसत करवादायच्या.

"सही केलीय गं. हरवला तर माझा म्हणून ओळखता यायला नको?"

असं वर्षानुवर्षं चाललं. मग एके दिवशी चाकाच्या तारा ताणता ताणता सायकलवाले स्टुलावरून कलले आणि गेले. चाक म्हणे बराच वेळ फिरत होतं.

सगळी मंडळी बाईंकडे बघू लागली. नाटकाचा मास्तर स्वतः रंगमंचावर येतो तेव्हा लोक जसं बघतात तसं. बाईंनी कुणाची निराशा केली नाही. कबरेपाशी ताठ उभ्या राहिल्या. गीत सगळ्यांच्या वरच्या पट्टीत म्हटलं. मूठभर माती टाकली आणि हात झटकले. "याला म्हणतात विश्वास," एकमेकींच्या कानात म्हणून झालं.

परत आल्या तर दारात मंडळाची उपाध्यक्षा उभी. ही शिवणकाम करायची आणि बोलतानाही तोंडात टाचण्या धरल्यासारखी बोलायची. तिचा चेहरा अभिमानानं फुलला होता.

"बाई, तुम्ही शिकवलंत अगदी तस्सं. एक कण ठेवला नाही."

नव्हताच ठेवला. दाराशी चपला नव्हत्या. खुंटीवर टोपी नव्हती. त्यांचा कान तुटलेला कप नव्हता. हात पुसायचं काळं फडकं, जे फेकून द्या म्हणून बाईंनी उभा जन्म डोकं फोडलं होतं, तेही शेवटी गेलं होतं. आपलेच दात, आपलेच ओठ. बाई म्हणाल्या, "छान केलंत."

मग सांत्वन सुरू झालं. बाईंची सगळी वाक्यं एकेक करून बाईंकडे परत आली. "ते सुटले, बाई." "आनंद करा, बाई." "प्रभूच्या घरी काही कमी आहे का, बाई?" आयुष्यात पहिल्यांदा बाईंना कळलं, की हे वाक्य समोरून ऐकताना बोलणाऱ्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटते. त्यांनी मान हलवली. चहा झाला.

संध्याकाळी प्रार्थनेला बसल्या, पवित्र शास्त्र उघडलं आणि सवयीनं शेजारच्या खुर्चीकडे हात पुढे केला. हात तसाच राहिला. उशीखाली, खिडकीत, पिठाच्या डब्यावर, सगळीकडे शोधलं. मग डोक्यात प्रकाश पडला. चष्मा नेहमी सायकलवाल्यांच्या बाजूला असायचा, आणि एक कण ठेवला नव्हता.

मागून घ्यायचा होता, झालं! पण मागायचा कसा? अमकीनं नवऱ्याचा सदरा परत मागितला तेव्हा याच बाईंनी तिला ऐकवलं होतं, "वस्तूत काय असतं? जीव वस्तूत अडकला म्हणजे विश्वास ढिला झाला म्हणायचा." ती बिचारी सदऱ्यावाचून गेली. आता बाईंनी चष्मा मागितला असता तर गावभर झालं असतं. आणि न मागावा तर वचन वाचता येईना. पाठ होतं खूप, पण पाठ केलेलं पाढ्यांसारखं ओठांवर यायचं आणि तिथूनच परत जायचं. रडू येत नव्हतं, प्रार्थना येत नव्हती. बाई संध्याकाळभर पुस्तक मांडीवर घेऊन भिंतीकडे बघत बसायच्या. सगळ्या गावाला दिलासा वाटून त्यांच्या स्वतःच्या घरात चिमूटभर उरला नव्हता.

नवा चष्मा करावा म्हणून चष्मेवाल्याकडे गेल्या. तो गोड माणूस. "एकटीसाठीच ना आता?" त्यानं विचारलं, आणि स्वच्छ चकचकीत काचा पुढे केल्या. बाई तशाच पायऱ्या उतरल्या.

मंडळाच्या बैठकीत फजितीच झाली. बाईंनी पुस्तक उघडून वाचायचं सोंग घेतलं आणि शोकाचा पाठ तोंडपाठ म्हणू लागल्या. अर्ध्यावर गाडी घसरली ती थेट लग्नाच्या पाठावर गेली. नवरीनं शृंगारावं इथवर आल्यावर उपाध्यक्षेनं वाकून बघितलं.

"बाई, पुस्तक उलटं आहे."

"माहीत आहे," बाई म्हणाल्या. आणि बैठक संपली असं त्यांनी जाहीर केलं.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, रस्त्यावर चिटपाखरू नसताना बाई चर्चच्या मागे गेल्या. चोरून चष्मा काढायचा आणि चूपचाप घरी यायचं, असा बेत. कोठीच्या दाराशी घंटा वाजवणाऱ्या काकांचं स्टूल होतं, पण काका चहाला गेले होते. कुलूप नव्हतं. बाईंनी दार ढकललं.

कोठी माणसांनी भरली होती.

पेट्यांवर, उलट्या बादल्यांवर, मोडक्या बाकांवर माणसं बसली होती आणि मनसोक्त रडत होती. बेकरीवाल्या काकूंच्या मांडीवर पिठानं माखलेला सदरा होता. सदरा परत मागणारीला तिचा सदरा मिळालेला दिसत होता. कोपऱ्यात पाळकसाहेब वडिलांची काठी छातीशी धरून बसले होते. आणि उपाध्यक्षा, एक कण न ठेवणारी उपाध्यक्षा, आईची कवळी रुमालात घेऊन मुळूमुळू रडत होती. कुठल्याही गरजूला काही वाटलं गेलं नव्हतं. इथले गरजू हेच होते.

बाईंना बघताच सगळे ताडकन उभे राहिले. पाळकसाहेबांचे तर हातही आपोआप मागे गेले.

"आम्ही आनंदात आहोत, बाई!" सगळे एका सुरात म्हणाले.

बाईंनी ती नजर टाकून बघितली. पण आज नजरेला काही धार येईना. "माझा चष्मा कुठंय?" एवढंच बोलल्या.

काकूंनी एक पेटी उघडली. टोपी, कान तुटलेला कप, काळं फडकं, आणि त्यात गुंडाळलेला चष्मा. "मला ठाऊक होतं तुम्ही येणार," काकू म्हणाल्या. "मी काही पुसलं नाही हो."

बाईंनी चष्मा उजेडात धरला. डाव्या काचेवर सही होती.

त्यांना मोठ्ठी शिंक आली. मग दुसरी. "धूळ," बाई म्हणाल्या. सगळ्यांनी समजुतीनं माना हलवल्या, या कोठीत तो शब्द जुना होता. मग बाई एका पेटीवर बसल्या आणि म्हणाल्या, "धूळ नाहीये." आणि मग जे रडल्या! दुकानाचं, कपाचं, रोज करवादल्याचं, सगळं त्यात आलं. इतक्या वर्षांचं गावाचं गिळायला लावलेलंही आलं असेल. कुणी 'आनंद करा' म्हटलं नाही. काकूंनी नुसता पाठीवर हात ठेवला, आणि तो काढला नाही.

बऱ्याच वेळानं बाईंनी पाळकसाहेबांना विचारलं, "काय रे, एवढं रडतोय आपण, म्हणजे आपला विश्वास कमी का?"

"बाई," पाळकसाहेब चाचरत म्हणाले, "मित्राच्या कबरेपाशी प्रभू उभा होता ना, तेव्हा त्याला ठाऊक होतं, घटकाभरात हा उठून बाहेर येणार. तरी रडला."

"मग हे व्यासपीठावरून का नाही सांगितलंस?"

"तुम्ही पहिल्या रांगेत बसता, बाई."

यावर आधी काकूंना हसू फुटलं, मग उपाध्यक्षेला, मग बाईंनाही. नाक लाल, डोळ्यांत पाणी आणि वर हसू, अशा अवस्थेत बाईंना कुणी कधी पाहिलं नव्हतं.

त्यांनी चष्मा लावला, काच न पुसता. पाळकसाहेबांच्या हातातलं पुस्तक घेतलं आणि पित्याच्या घरातल्या पुष्कळ खोल्यांचं ते वचन काढलं. प्रत्येक शोकाच्या घरी वाचून वाचून गुळगुळीत केलेलं. आज डावीकडची अक्षरं अंगठ्यामागे धूसर दिसत होती, म्हणून सावकाश वाचावं लागलं, एकेक शब्द. आणि सावकाश वाचताना त्यांना प्रथमच वाटलं, की हे आपल्याला सांगितलंय. तिथे एक खोली आहे. तिच्या दाराच्या कडीवर वंगणाचा हात लागलेला असणार. आपण तिथे जाणार, आणि गेल्या गेल्या करवादणार. हे खरं आहे. पण ते आज नाही, आणि आजची संध्याकाळ एकटीनं काढायचीय, हेही खरं आहे. दोन्ही एकदम खरं असू शकतं, हे बाईंना कुणी शिकवलं नव्हतं, आणि त्यांनीही कुणाला शिकवलं नव्हतं. त्यांना पुन्हा रडू आलं, पण या वेळी त्या रडण्यात प्रार्थनाही होती.

तेवढ्यात चहा पिऊन आलेल्या घंटेवाल्या काकांनी बाहेरून दारावर घाईघाईनं टिचकी मारली.

"अरे, हळू रडा, हळू! कोपऱ्यापर्यंत ऐकू येतंय. बाई येतील!"

कोठीत सगळ्यांनी बाईंकडे बघितलं.

"येऊ दे तिला," पदरानं नाक पुसत आतून बाई म्हणाल्या. "मी सरकून जागा करते."